दोरा वाढव

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला. पिकून काळ्या पडलेल्या केळांचा, आणि त्याच्या मागोमाग वार्निशचा. साठ वर्षं बंद पेटीत वास टिकतो का, मला ठाऊक नाही. नाकाला भास झाला असेल. या वयात नाक, कान आणि डोळे तिघंही मिळून थापा मारतात. पण झाकण हातात धरून मी परत एकदा वास घेतला.

पेटी दादाची. माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन सव्वा महिना झाला. त्याची सून वैशाली हिने ती माळ्यावरून काढली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. "आत्याबाई, बाबा कोनाले हात लावू देत नव्हते. आता तुमीच पाहा यात काय हाये ते," एवढं म्हणून ती स्वयंपाकाला गेली.

आत पान्हे होते, पितळी पाणसळ होती, आणि हातभर लांब एक सुई होती. पाहणाऱ्याला वाटेल पोती शिवायचा दाभण. दाभण नव्हता तो. मी तिला लगेच ओळखलं, तिनेही मला ओळखलं असेल. सगळ्यात तळाशी तळहाताएवढी कापडाची पुडी होती, बाहेरून चंदेरी, कडक झालेली. वास तिचाच होता. मी ती उचलून चाचपली. आत कशाचं तरी वेटोळं लागलं, तशी मी ती खाली ठेवून दिली.

मला भीती वाटली. उगाच आडवळणाने कशाला सांगू? दादापासून मी आयुष्यात एकच गोष्ट लपवली. ती त्याला कधी कळली नाही, या एका भरवशावर मी इतकी वर्षं त्याच्या घरी येत राहिले, त्याच्या पंगतीला बसत राहिले, त्याच्या पोरांची झबली शिवत राहिले. पुडी तिथेच राहू दिली आणि सुई हातात घेतली. सुईपासून आठवायला लागणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

पांढरकवड्याला तेव्हा भाऊसाहेबांचं कापसातली सरकी काढायचं जीन होतं आणि दादा तिथे फिटर होता. लढाईच्या काळात तो विमानांच्या फौजेत होता. उडवायला नाही, दुरुस्त करायला. पुढे नागपूरला जाऊन उडवायलाही शिकला. त्याचा परवाना आमच्या ओसरीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत चौकट करून लावला होता आणि माय देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहायची. आमचे बाबा शेतावर राहायचे, बोलायचे कमी.

साठ साल उजाडायचं होतं. एका दिवाळीनंतर भाऊसाहेबांनी कुठल्याशा लिलावातून फौजेचं एक जुनं विमान आणलं. पोरांना उडायला शिकवायचं, एकावर एक दोन पंख असलेलं. कशाला आणलं ते मला विचारू नका. हौसेला मोल नाही म्हणतात, कारणही नसतं. दोन ट्रकांतून ते तुकड्या-तुकड्यांनी आलं आणि सरकीच्या गोदामात उतरवलं गेलं. अख्खं गाव बघायला लोटलं. मीही गेले, पदर कपाळापर्यंत ओढून, सगळ्यांच्या मागून.

पंखांवरचं कापड कुजून निघालं होतं. आत लाकडाच्या कामट्या, आडव्या-उभ्या बांधलेल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. लोकांना काय दिसलं कोण जाणे, मला तिरडी दिसली. दादा त्या कामट्यांवरून हात फिरवत होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी एकवीस वर्षांची होते आणि आठ महिन्यांपूर्वी माझ्या बांगड्या वाढवल्या होत्या. आपल्याकडे बांगडी फोडत नाहीत, वाढवतात. कुंकवाचा करंडा संपत नाही, वाढतो. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. तुटलं, फुटलं, मोडलं असं तोंडाने म्हणायचं नाही म्हणून कुणा शहाण्याने हा शब्द शोधून काढला आणि मग जेवणाच्या ताटालाही तोच लावून ठेवला. सासरच्या अंगणात एका म्हातारीने माझी दोन्ही मनगटं दगडावर धरली आणि म्हणाली, "वाढव वं बाई, वाढव." तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की माझी मनगटं आपोआप पदराखाली जायची.

माहेरी आले तशी मी सगळ्याच गोष्टींना भ्यायला लागले. विहिरीला, उंबऱ्याला, मांजराला, दादाला उशीर झाला तर त्या उशिराला. आता माझं म्हणायला एक दादाच होता. त्याला काही झालं तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील, ही भीती होतीच; पण ती दुसरी. पहिली भीती साधी होती, की त्याला काही होईल.

आणि त्यानेच मला त्या विमानाच्या कामाला लावलं. पंखांवर नवं कापड चढवून हाताने शिवायचं होतं. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "बाई, पंख तू शिवशील."

मायचा हात परातीतच थांबला. "मधू, तिले कायले? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले शिवता येते काय?" दादा म्हणाला. "हिले येते."

"पन असं शुभाचं काम..."

"शुभाचं नाही माय, सुईचं काम हाये. भाकर वाढ."

त्या काळात तो असं म्हणायचा. भाकर वाढ. वरण वाढ. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

माझ्या जोडीला सोनीबाई आली. गावाबाहेरच्या तांड्यातली, जिनात कापसातला कचरा वेचायला येणारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या घागऱ्यावरचे आरसे आणि कवड्या तिने स्वतः टाचलेल्या होत्या आणि टाका असा बारीक की दिसू नये. तिने पंखाचा सांगाडा पाहिला आणि गालावर हात मारला. "ए याडी! आमच्या आज्यानं बैलावर मीठ वाहलं, बापानं सरकी वाहली. म्या आता इमान शिवू काय?" आणि स्वतःच इतकी हसली की गोदामातली कबुतरं उडाली.

शिवायची रीत अशी. पंख कडेवर उभा करायचा, भिंतीसारखा. एका बाजूला सोनीबाई, दुसऱ्या बाजूला मी. मी सुई आरपार घालायची, ती पलीकडून ओढून घ्यायची आणि कामटीला वळसा घालून परत माझ्याकडे पाठवायची. दोरा मेण लावलेला, पिळाचा; हाताने तुटत नसे, बोट कापायचं. प्रत्येक टाक्याला एक गाठ, जी घट्ट झाली की सरकत नाही. दादाने ती शिकवली. आम्ही तिला फौजी गाठ म्हणायचो. "एक टाका तुटला तरी दुसरा धरून राह्यला पायजे," तो सांगायचा. "वर वारा लय ओढते, बाई. त्याले धरायले एक भोक सापडलं का तो अख्खा पंख सोलून काढते."

हे त्याने सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मी टाक्यांनाही भ्यायला लागले. सोनीबाई मला दिसायची नाही, फक्त तिच्याकडून आलेलं सुईचं टोक कापडातून बाहेर यायचं आणि तिचं गाणं ऐकू यायचं. गाण्यातलं मला कळायचं नाही. कधी सुई यायला वेळ लागला तरी मी पंखाला वळसा घालून पलीकडे पाहून यायची. संध्याकाळी निघताना मी सगळ्या गाठी एकदा बोटाने ओढून पाहायची आणि एखादी जरा मऊ वाटली की उसवून टाकायची. सोनीबाई डोक्याला हात लावायची. दादा म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. अवं, तुह्यी गाठ हत्तीनं तुटनार नाही."

पौष गेला. बाहेर कापसाच्या गाड्या लागायच्या, गाडीवानांच्या चुलींचा धूर, ओल्या सरकीचा आंबूस वास, जिनातल्या रेच्यांची धडधड. सगळीकडे उडणारी कापसाची तूस आमच्या पापण्यांवर बसायची आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या दिसायचो. पंखाचं कापडही सुतीच होतं. सोनीबाईचं म्हणणं होतं की हा कापूस आपल्याच जिनातून गेला असेल आणि आता घरी परत आला. तिला अशा गोष्टी सुचायच्या. माघात दादाने कापडावर एक वार्निशसारखं औषध चढवलं, केळांच्या वासाचं. ओलं असताना कापड लोंबायचं आणि वाळलं की असं ताणलं जायचं की टिचकी मारली तर डफासारखं वाजायचं. त्या वासाने डोकं दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. दादा पंखावर टिचकी मारून कान लावायचा, हसायचा, मलाही मार म्हणायचा. मी एकदाच मारली. आवाज पंखाच्या आत लांबवर फिरून आला आणि मला वाटलं आत कुणी आहे.

वरून चंदेरी रंग दिला. उरलेल्या कापडाच्या चिंध्याही चंदेरी झाल्या. दादा त्यात खिळे गुंडाळून ठेवायचा.

फाल्गुनात विमान गावाबाहेरच्या माळावर नेलं. पळस पेटला होता, मोहाची फुलं पडायला लागली होती आणि माळाच्या पलीकडे नदी होती. तिचं नाव खुनी. लहानपणापासून ऐकलेलं नाव, त्यात काही वाटायचं नाही. त्या आठवड्यात मात्र कुणी 'खुनीकडं गेलता' म्हटलं तरी माझ्या हातातलं काम थांबायचं.

उडायच्या आदल्या दिवशी माय केळापूरच्या देवीला जाऊन आली आणि येताना लाल नाडा घेऊन आली. विमानाला बांधायला. दादा नको म्हणाला, मग हो म्हणाला. मायपुढे त्याचं चालत नसे. आता विमानाला नाडा बांधायचा कुठे? सगळं गुळगुळीत. शेपटीला एक उभी फळी असते, बिजागऱ्यांवर डावी-उजवीकडे हलणारी. दादा तिला सुकाणू म्हणायचा. विमान वळतं ते तिच्याने. तिच्या पायथ्याशी लोखंडाचा वीतभर दांडा होता, तारा बांधलेला. मायला तेवढाच मनगटासारखा दिसला. तिने तिथे तीन वेढे घेऊन नाडा बांधला, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. मी लांब उभी होते. माझ्या हाताने नाडा बांधायचा नसतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मनातून सारखं वाटत होतं, की तीन वेढे कमी आहेत. अख्ख्या विमानाला तीन वेढे!

मग मी सोनीबाईबरोबर पाणी आणायला गेले. माघारी माय आणि दादा काय बोलले ते मला ठाऊक नव्हतं.

सकाळ स्वच्छ होती. माळाच्या कडेला लोक, बैलगाड्या, जिनाला सुट्टी. दादाने अंधुकातच येऊन सगळं तपासलं होतं. तारा, चाकं, सुकाणू दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून. तो मागच्या जागेवर बसला, पट्टा बांधला. जिनातल्या दोघांनी नाकावरचा पंखा फिरवला आणि इंजिन लागलं. ते तापेपर्यंत शेपूट उचललं जाऊ नये म्हणून सोनीबाई आणि मी त्यावर आडव्या पडलो होतो, पोटावर, दोन्ही बाजूंनी. वाऱ्याने माझा पदर फडफडून तोंडात जात होता. धूळ, पेट्रोल, केळांचा तो वास, आणि पोटाखाली थरथरणारं ते कापड. माझेच टाके. मी डोळे मिटून घेतले होते.

दादाने मान वळवून हात केला. उतरा. सोनीबाई घसरून उतरली आणि वाऱ्यातून ओढणी सावरत बाजूला पळाली. मी उतरत होते तेव्हा त्याची नजर शेपटीकडे गेली. नाड्याचं लाल टोक वाऱ्यावर फडफडत होतं. त्याने त्याकडे बोट केलं आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडला,

"दोरा वाढव!"

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि मला इतका आनंद झाला, की तसा त्या वर्षात दुसरा झाला नव्हता. त्याने मला सांगितलं होतं. मला! ज्या हातांनी कुणाला हळदीचं बोट लावायचं नाही, त्या हातांना माझा भाऊ भर गावासमोर सांगत होता, की दोरा वाढव. तीन वेढे कमी आहेत हे त्यालाही वाटलं होतं.

माझ्या कमरेला सुईची पिशवी होती आणि तिच्यात मेणाचा दोरा. मी खाली बसले आणि मायच्या नाड्यावर वेढे घातले. अकरा. दांड्याला, तारेला, मिळेल तिथे, आवळून. शेवटी फौजी गाठ मारली आणि सवयीने ओढून पाहिली. पक्की बसली होती. मी बाजूला झाले, हात वर केला. दादा हसला आणि विमान सुटलं.

ते उठलं तेव्हा गावाने जो आवाज केला तो अजून माझ्या कानात आहे. सोनीबाई उड्या मारत होती. भाऊसाहेब टोपी हलवत होते. चंदेरी पंख उन्हात चमकले आणि जिनाच्या धुरांड्यावरून सरळ पुढे गेले. मी पहिल्यांदा श्वास सोडला. तेवढ्यात माय शेजारी आली, कपाळावर हाताची सावली धरून वर पाहत म्हणाली,

"वाढवला न वं दोरा? सोडला न शेपटीचा?"

मला कळलं नाही.

"मधू म्हने का उडताना तठी काही बांधेल चालत नाही. मी म्हटलं, सकाळी काढून घे, पन देवीचा नाडा हाये, तोड म्हनू नोको बाप्पा. बांगडी वाढवतो तसा वाढव म्हन." ती वरच पाहत होती. "वाढवला न?"

"हो," मी म्हणाले.

मी हो म्हणाले. आजवर कितीदा तरी मी तो शब्द परत तोंडात घेऊन दुसरं काहीतरी म्हणून पाहिलं आहे. काय म्हणणार होते? विमान आकाशात होतं आणि माझी गाठ हत्तीने तुटणारी नव्हती. आणि वाढवणं म्हणजे काय, हे त्या माळावर माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मनगटावर वळ होते माझ्या. तरी मला ऐकू आलं ते मला हवं होतं तेच.

विमानाने आता डावीकडे वळायचं होतं. ते वळेना. नाक हलायचं, पंख कलायचा आणि परत सरळ व्हायचा. ते तसंच नदीच्या दिशेने गेलं, लहान होत गेलं, पळसांच्या मागे खाली गेलं आणि आवाजही गेला. लोक अजून हसत होते. त्यांना वाटलं दादा गंमत करतोय. मी देवाला काही म्हटलं नाही, म्हणायची हिंमतच नव्हती. फक्त गाठ आठवत होते, तिचा कुठला पदर कुठून गेला होता, आणि मनातल्या मनात ती सोडवत होते. एक वेढा, दुसरा वेढा. अकरा सोडवून झाले की परत पहिल्यापासून.

मग आवाज आला. बारीक, मग मोठा. ते उजवीकडून मोठा वळसा घालून आलं, तिरपं तिरपं, खेकड्यासारखं. चाकं टेकली. क्षणभर सगळं ठीक वाटलं आणि मग शेपूट एकदम फिरलं, डावा पंख मुरमात घुसला, आणि कामट्या मोडल्याचा आवाज झाला, कापसाची सुकी पऱ्हाटी मोडल्यासारखा. धुळीचा लोट उठला. माळाचं ते दुसरं टोक होतं, आम्ही या टोकाला. धावत पोचायला लोकांना बराच वेळ लागला. मी सगळ्यांच्या शेवटी होते.

दादा शेपटीजवळ पालथा पडलेला होता. डोळे उघडे, चेहरा मातीने माखलेला, डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. "फेकल्या गेला," सगळे म्हणाले. कुणीतरी म्हणालं, पट्टा तर सुटला दिसते. त्याला बैलगाडीत घातलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. गाडी हलल्यावर मी शेपटीपाशी गेले. दांडा रिकामा होता. माझा दोरा नव्हता, मायचा नाडाही नव्हता. मी गवतात शोधलं. दुसऱ्या दिवशी शोधलं, तिसऱ्या दिवशीही. सोनीबाईने विचारलं, "काय हारपलं वं?" मी म्हटलं, सुई.

तीन महिने तो यवतमाळच्या दवाखान्यात होता. गावात कुजबुज सुरू झालीच. पांढऱ्या कपाळाच्या बाईने शिवलेले पंख, दुसरं काय होणार? एक दिवस भाऊसाहेब चार माणसं घेऊन त्याला भेटायला आले, मी कोपऱ्यात होते. त्यांच्यातल्या एकाने विषय काढलाच, की पंख शिवण्यातच काही... दादा उठून बसायला गेला, बसता आलं नाही. "वारं फिरलं," तो म्हणाला. "मी चुकलो. टाके पाहून या जाऊन, एक तरी उसवला असन तर मले सांगा." माणसं खरंच पाहून आली. मोडलेल्या पंखावर एकही टाका उसवलेला नव्हता.

परवान्याचा कागद त्याने स्वतःहून परत केला. ओसरीच्या भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आणि मायने तिथे दुसरी तसबीर कधी लावली नाही. विमान परत तुकड्या-तुकड्यांनी कुठेतरी गेलं. दादा पुन्हा कधी उडला नाही. जिनात लंगडत काम करत राहिला, लग्न केलं, पोरं झाली. त्यानेच मला शिवणाच्या वर्गाला घातलं, पुढे मी शाळेत शिवण शिकवायला लागले आणि माझ्या पायावर उभी राहिले. माळावर आता पेट्रोल पंप आहे, हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथे थांबतात. सोनीबाई तर केव्हाच गेली.

आणि मी भीत राहिले. आज ना उद्या कुणाला तरी तो दोरा सापडेल. कुणीतरी ढोरं चारताना उचलेल आणि म्हणेल, ही गाठ तर त्या बाईची. दादा कधी नुसता "बाई, एक सांगू काय" म्हणाला तरी मी उठायच्या बेतात असायची. मग तो सांगायचा, की तुरीला यंदा भाव नाही.

मी पुडी उचलली. कापड घडीवर तडकलं. आत लाल नाडा होता, आता तपकिरी झालेला, आणि त्याला मिठी मारून बसलेला माझा मेणाचा दोरा. अकरा वेढे, दांड्याच्या आकाराचे, जसेच्या तसे. फौजी गाठ जिथे मारली तिथेच होती. जरादेखील सरकलेली नव्हती. आणि गाठीच्या शेजारून सगळे वेढे एका रेषेत कापलेले होते. तुटलेला दोरा पिंजारतो, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. हा सुरीने कापला होता, एका झटक्यात. दादाच्या कमरेला बारकी सुरी असायची.

म्हणजे तो फेकला गेला नव्हता.

त्याने पट्टा सोडला होता. मोडलेला पाय घेऊन तो खाली उतरला होता, आणि मागच्या जागेपासून शेपटीपर्यंत, आठ-दहा हात, मुरमातून सरपटत गेला होता. गाव धावत यायच्या आत. ती गाठ कुणाची हे पाहताक्षणी त्याला कळलं असणार, त्यानेच तर शिकवली होती. त्याने ती कापली, खिशात घातली आणि मग पालथा पडून राहिला. मी तीन दिवस गवत उचकत होते तेव्हा दोरा यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या उशाखाली होता.

पदर ओला झाला होता. मला त्याचा राग आला, खरं सांगते. एकदा म्हणाला असतास रे दादा. साठ वर्षांत एकदा. पण मग मीही कुठे म्हणाले?

आणि तेव्हा मला भाकर आठवली. दवाखान्यातून आल्यापासून दादा 'वाढ' म्हणायचा नाही. भाकर दे. वरण दे. पाव्हण्यांना देऊन घे. वहिनी थट्टा करायची, "यायले वाढेल चालत नाही, देल्लं पायजे." आम्ही समजायचो, फौजेतली सवय असेल. फौजेतून तर तो त्याच्या कितीतरी आधी आला होता. माझ्यासमोर तो शब्द पडू नये म्हणून त्याने तो तोंडातून काढून टाकला होता, आणि सगळ्या घरालाच तशी सवय लागली. त्याची पोरं तशीच बोलतात, सुनाही तशाच.

स्वयंपाकघरातून वैशालीने हाक मारली, "आत्याबाई, या. देऊ काय जेवाले?"

मी दोरा परत चंदेरी चिंधीत ठेवला. गाठ तशीच होती. उठले, हात धुतले, पाटावर जाऊन बसले. ती हातात भाकर घेऊन उभी होती.

"देऊ नोको वं," मी म्हटलं. "वाढ."

तिला काही समजलं नसावं. पण तिने वाढलं.